४१.७

मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो,
खुब्याच्या वाटीत फिरणारा.
व्हर्नियरच्या जबड्यात तो हलकेच धरायचा,
फिरवत राहायचा,
सर्वांत रुंद भरेल तिथे थांबायचं.
४१.७.
पुन्हा ४१.७.
इंग्रिदने मोजलं, ४१.६. तिचा हात जरा घट्ट.

तक्त्यात बेचाळीसच्या आत बाई,
सत्तेचाळीसच्या पुढे पुरुष,
आणि मधल्या पाच मिलिमीटरांत
कुणीही असू शकतं.

कमरेचं हाड धड असतं तर प्रश्नच नव्हता.
तिथल्या खाचेत अंगठा घालून बघतात,
सैल बसला तर बाई, रुतला तर गडी.
पण याच्यावर चार माणसं पडली होती,
त्यांच्यावर माती,
आणि त्या मातीवर कुणीतरी वर्षानुवर्षं मका घेतला.
खाच अर्धीच उरली.
अर्ध्या खाचेत अंगठा काय बोलणार.

सांगाडा तो.
कवटी ती.
हाड मात्र ते.
माझ्या भाषेनं हा निकाल कधीच देऊन टाकलाय,
मीच दिवा ओढून बसले आहे
दशांश चिन्हापुढच्या आकड्यासाठी.

म्हणून पेटीवर पेन्सिलीनं लिहिलं:
सव्वीस. स्त्री, संभाव्य.
'संभाव्य' किंचित बारीक अक्षरात.
त्यानंतर अयाकुचोत जो जो भाऊ शोधत आला,
बाप शोधत आला, नवरा शोधत आली,
त्यांना आम्ही सव्वीस नंबर दाखवलाच नाही.
अकरा वर्षं.

तेओफिला पारियोनाचे गुडघे दुखत होते.
पुरुषांच्या कपड्यांचं टेबल दूर, खिडकीशी.
ती बायकांच्या टेबलापाशीच टेकली,
हॅट मांडीवर ठेवली, कोकाची पानं चघळत राहिली,
आणि मग एका मोज्याकडे बघत तिचं तोंड चालायचं थांबलं.
हिरवा मोजा, टाचेला लाल लोकरीची रफू.
हिरवी लोकर संपली होती, ती म्हणाली.
बाजार शनिवारी होता.
शनिवारपर्यंत कोण थांबणार.

तिच्या केचुआत तो, ती, ते असलं काही नाही.
सगळ्यांना एकच शब्द: पाय.
पाय आला, पाय गेला, पाय परतला नाही.
दुभाषा स्पॅनिशमध्ये चाचपडत होता,
मी हातात मांडीचं हाड घेऊन उभी,
आणि माझ्या कानावर पुन्हा पुन्हा पाय.

मग ती म्हणाली, तुरी.
हा शब्द बहिणीच्याच तोंडी असतो,
आणि भावालाच लागतो.
भावाला भाऊ असं हाक मारत नाही,
बहिणीला तर नाहीच.
दोन अक्षरांत दोघांचीही मोजमापं,
आणि चूक शून्य.

एलेउतेरिओ. एकोणीस वर्षांचा.
शाळेत कायम पहिल्या ओळीत उभा केलेला.
आमचा तक्ता ज्यांच्या हाडांवरून निघाला
ती माणसं दुसऱ्या खंडातली,
समुद्राच्या पातळीवर, दुधामांसावर पोसलेली.
इथे साडेतीन हजार मीटरवर
बटाट्यावर आणि विरळ हवेवर
पुरुष एवढाच होतो.
एवढ्या खुब्यावर तो पोत्याचं ओझं घेऊन उतरायचा.

पेटीवर काय लिहिलंय, तिनं विचारलं.
दुभाषा माझ्याकडे बघू लागला.
सांग, म्हटलं.
ऐकून तिनं तोंडावर हात धरला
आणि हसली, खांदे हलेपर्यंत.
चिडला असता, म्हणाली. फार चिडला असता.
मग हात पुढे केला.
तिच्या तळव्यावर मी तो गोळा टेकवला,
बाकीचं हाड मीच धरून राहिले.
बियाण्याचा बटाटा निवडावा
तसा तिनं तो अंगठ्यानं चाचपला.

दातातला नमुना गेलाय. उत्तराला चार महिने.
तोवर कागदावर काहीच बदलत नाही.
तरी मी रबर घेतलं.
अक्षरं गेली.
दाबून लिहिलेल्याचा वळ
दिव्याखाली तिरका धरला की दिसतो.

सत्तावीसचा गोळा ४२.३ भरला.
तक्ता अजून उघडलेला नाही.